एका घेराचं अंतर

दोघी बहिणींच्या दोन गावांमधलं अंतर किती, असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "गाडीने गेलात तर अख्खा दिवस आणि कंबरेचा भुगा. विमानाने एक घेर."

शिवणकाम करणाऱ्या बाईने अंतर आणखी कशात मोजायचं? मागच्या खेपेला थोरल्या बहिणीकडून, ताईकडून, घरी परतताना तिने विमानात एका झग्याचा पुरा घेर हाताने तुरपला होता. शेवटची गाठ मारली आणि चाकं जमिनीला टेकली. तेव्हापासून हिशेब पक्का.

म्हणून आज भाचीचा निळा झगा मांडीवर घेऊन ती निर्धास्त बसली होती. भाचीचा व्हायोलिनचा पहिला जाहीर कार्यक्रम आज दुपारीच होता. कापड तिरपं कापलेलं. असलं कापड शिवून झालं की टांगून ठेवावं लागतं. ते आपल्या वजनाने हवं तेवढं ओघळलं की मगच खालची कड दुमडायची. घाई केली की घेर उंदराने कुरतडल्यासारखा. पण हे ताईला कोण पटवणार? ताई बँकेतली साहेब.

"तुझं आपलं तहान लागली की विहीर खणायची," ताई फोनवर म्हणाली होती. "मी दुकानातला एक आणून ठेवलाय. उतरशील तेव्हा तुझा पुरा असेल तर तुझा, नाहीतर हा. विमानतळावरून आपण थेट हॉलवर जाणार."

"दुकानातला परत करून टाक," मावशी म्हणाली. "उगाच खोकं कशाला वागवतेस?"

तपासणीवाल्यांनी कात्री ठेवून घेतली, सुया सोडल्या. "दोरा तोडायला दात आहेत अजून," मावशीने त्यांना बजावलं.

विमान वर गेलं आणि सुई चालू लागली. घेर अर्ध्याच्या बराच पुढे आला, तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला: वारा पाठीशी असल्यामुळे आपण वेळेआधीच उतरतोय. सगळे खूश. एकाने तर टाळीही वाजवली. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याचे हात मांडीवर आले.

मागच्या खेपेला वारा समोरून होता, विमान रखडत गेलं होतं. जाता-येता अंतर तेच असलं तरी वेळ तोच नसतो, हे तिच्या मापाच्या पट्टीला कुठून ठाऊक?

"मावशी, सुई ठेवा आता," हवाईसुंदरी म्हणाली.

"वैमानिकाला म्हणावं, एक चक्कर मार. हातभरच राहिलंय."

"माझी नोकरी जाईल हो!"

बाहेर ताई खोकं घेऊन उभीच होती. शेजारी भाची, पाठीला व्हायोलिन.

"झाला पुरा?"

"विमान लवकर आलं."

"म्हणजे नाही झाला." ताईने खोक्याची दोरी सोडायला घेतली.

"आई, त्यात वाजवताना माझा गजाचा हात वर जात नाही," भाची हळूच म्हणाली. "मावशीने बाही त्यासाठीच वेगळी कापलीय."

"ठरलं म्हणजे ठरलं."

"ठरलंय ना? मग तो फलक बघ." मावशीने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट केलं. "त्यातल्या वेळेप्रमाणे माझं विमान अजून उतरायचंय. त्या वेळेपर्यंत मी आकाशात आहे. बाकावर सरक जरा."

ताईने फलक पाहिला. मग बहिणीला पाहिलं. हिशेबात चूक सापडेना, तेव्हा सरकली.

"आणि नुसती बसू नकोस. दुसऱ्या टोकाकडून घे. ही सुई."

"मला सुई धरून जमाना झाला गं."

"मला धरायला शिकवलीस तूच. धर."

लोक सामान ओढत बाजूने जात होते. भाची मधोमध कापड ताणून उभी. एकीकडून मावशीचे बारीक टाके येत होते, दुसरीकडून ताईचे. घोषणा झाली, नव्या उतारूंचा लोंढा आला, कुणी मान वर केली नाही. शेवटी दोघींची बोटं एकमेकींना लागली.

"तुझे टाके अजून उड्या मारतात," मावशी म्हणाली.

"ऐकणारे लांब बसतात," ताई म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.