हिवराखालची जागा

बांधावरचं हिवराचं काटेरी झाड पाडायचं, असं आमच्या ह्यांनी, म्हणजे भागवतरावांनी, जेवता जेवता सांगून टाकलं. मला विचारलं नाही. आमच्या घरात बायकांना फक्त एकच विचारतात, भाजीत मीठ टाकलंय का म्हणून.

"त्याच्या सावलीत सोयाबीन बोटभर राहायलाय," ते म्हणाले.

"अन् उन्हाळ्यात माज्या शेळ्या काय खातील? तुमचं भाषण?"

"ईकून टाक."

शेळ्या चारच, पण या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. मे महिन्यात शिवारात हिरवी काडी दिसत नाही, तेव्हा त्या हिवराच्या पाल्यावर आणि शेंगांवर निघतात. झाड गेलं की शेळ्याही गेल्या. रागानं मी ताटावरून उठले. मग भूक होती म्हणून परत बसले.

"एक साल थांबा," मी म्हणाले. "झाडाखालची जागा मला द्या. तितं काय न्हाई आलं तर मीच कुऱ्हाड आणून देते."

ते हसले, पण कबूल झाले.

उन्हाळाभर शेळ्या तिथंच बांधल्या. लांब काठीला विळा बांधून रोज एखादी खालची फांदी काढायची. पाला शेळ्यांना, काट्या कुंपणाला, लेंड्या मातीला. सावली विरळ झाली. माहेरी, बोरीला, आंब्याखाली हळद लावायचे. तिथूनच बेणं आणून पाऊस पडताच लावलं. भागवतची बायको सावलीत शेती करायली, म्हणून गावभर टिंगल झाली.

खोडाजवळ काहीच आलं नाही. बाहेरच्या अंगाला मात्र पानं कमरेला लागली. हळद काढताना हे शेजारी बसून गड्ड्यांची माती झाडत होते.

चैत्रात एका सकाळी बघते तर हे कुऱ्हाड घेऊन हिवरावर चढलेले. मी धावत गेले.

"दिलेला सबद ध्यानात हाय का न्हाई?" खालूनच ओरडले.

"वरडू नको. शेळ्या भुकेजल्यात. कोणती फांदी काढू, सांग."

डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं आज मला विचारलं होतं.

"ती उगवतीकडची," मी म्हणाले. "शेंगांची राहू द्या."