शेऱ्याचा खण

माझ्या गोष्टीतला मासा दर वेळी वीतभर वाढतो, हे माझी बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट वाढवण्यासारखी नाही. कमी करून सांगता आली असती, तर केव्हाच सांगून टाकली असती.

मास्तरांकडे मी दोन वर्षं घड्याळकाम शिकलो. तेवढ्यात इतके स्क्रू हरवले, की त्यांच्या दुकानाची फरशी उचललीत तर मनोऱ्यावरचं एक अख्खं घड्याळ निघेल. शेवटी मास्तर म्हणाले, "गड्या, ज्यात सुटे भाग नसतात असं काहीतरी काम बघ." म्हणून मी कॉम्प्युटरकडे वळलो.

इंटरनेट नवं नवं होतं तेव्हा घड्याळ कारागिरांच्या संघटनेचं वेबपान मी बनवलं. एकवीस कारागिरांची माहिती एक्सएमएलमध्ये भरली. एक्सएमएल म्हणजे चिठ्ठ्या चिकटवलेले खण समजा: एकात नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात काम. कोणतं घड्याळ कुणाकडे न्यावं, हे विचारणारे फोन माझ्याकडेच यायचे. म्हणून मी माझ्यापुरता चौथा खण केला, शेऱ्याचा. पानाला बजावून ठेवलं, पहिले तीनच उघडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या खणात मी काय काय लिहून ठेवलं होतं! एकापुढे, 'उद्या म्हणाले तर कोणत्या वर्षीचा ते विचारून घ्या.' दुसऱ्यापुढे, 'कोकिळेचं घड्याळ द्याल तर कावळा परत येईल.' अध्यक्षांपुढे, 'घड्याळ हे उघडतात, जोडते यांची बायको.'

आणि मास्तरांपुढे, 'हात थरथरतो. मनगटी घड्याळ पाठवू नये.'

ही थट्टा नव्हती. एका दुपारी दुकानाचं दार लोटून घेऊन मास्तरांनी चिमटा हातात धरून मला दाखवला होता. त्याचं टोक कापत होतं. "पोरीलाही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "मोठी घड्याळं अजून जमतात. तेवढी येत राहिली की झालं." मी म्हटलं, मी बघतो. बघायचं म्हणून तर लिहून ठेवलं.

पान तयार झालं तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेल ना?"

"चंद्रावरसुद्धा दिसेल," मी म्हणालो. तपासलं होतं फक्त माझ्या एका ब्राउझरमध्ये. त्या काळी दोन ब्राउझर होते, सवतींसारखे. एकीला सांगितलेलं दुसरी ऐकून घ्यायची नाही.

मास्तरांची मुलगी छापखान्यात कामाला होती आणि तिच्या कॉम्प्युटरवर नेमकी दुसरी सवत. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "दादा, असशील तसा ये. बाबाही इथेच आहेत." कौतुक होणार म्हणून मी केस विंचरून गेलो.

पडद्यावर तक्ता नव्हताच. त्या ब्राउझरला खण ही भानगडच कळली नव्हती. त्यानं सगळे खण टेबलावर पालथे केल्यासारखं नाव, पत्ता, काम, शेरा असं एका दमात ओतलं होतं.

"जोडते यांची बायको, इथपर्यंत मी हसत होते," ती म्हणाली. "बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. पुढचं नाव बाबांचं होतं. तेही मोठ्यानंच वाचलं."

मास्तर खुर्चीत बसले होते. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण तोंड गप्प बसेल तर ते माझं कसलं! "अगं, हा ब्राउझरच भिकार आहे. माझ्याकडे येऊन बघ, यातलं काही दिसत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली.

"दिसत नव्हतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "लिहिलेलं होतं ना?"

"तुमच्यासाठीच लिहिलं होतं, मास्तर."

"मग मला विचारायचं होतंस. आणि त्या कावळेवाल्याच्या पंगतीत बसवायचं नव्हतंस."

बाकीचे शेरे मी तिथल्या तिथे पुसले. मास्तरांच्या शेऱ्यावर बोट आलं, तसे ते म्हणाले, "थांब. तीन दिवसांत निम्म्या गावानं वाचलं असेल. कामाच्या खणात घाल. लिही, फक्त भिंतीवरची आणि उभी घड्याळं. हात थरथरत असल्यामुळे. आणि सगळ्यांकडे दिसेल असं कर."

"बाबा, कशाला?" मुलगी म्हणाली.

"मनगटी घड्याळ घेऊन आलेल्याला दर वेळी नवीन खोटं सांगावं लागतं, पोरी. त्यात हा पटाईत. मला नाही जमत."

मी तिथेच कामाला बसलो. या वेळी खण उघडायचं काम बघणाऱ्याच्या ब्राउझरवर सोडलं नाही. आपल्याकडेच उघडायचे, हवं तेवढंच साध्या तक्त्यात मांडायचं आणि तो तक्ता पाठवायचा. पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं असं काम. मग छापखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पान उघडून पाहिलं. नव्या ब्राउझरमध्ये, जुन्या ब्राउझरमध्ये, एका अगदी खंगलेल्या यंत्रावरही. ती ओळ सगळीकडे ठसठशीत उमटली. जन्मात पहिल्यांदाच मला वाटत होतं, एखाद्या तरी ठिकाणी माझं पान कोरं निघावं.

मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"दिसतंय ना सगळ्यांत?"

"दिसतंय, मास्तर."

मागे वळून बघायचं काही मला धाडस झालं नाही.