खारूताईचा उजवा नी-पॅड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, नाकाला रुमाल लावून बसलात तरी चालेल. मला वास येतो. एका व्यावसायिक व्हॉलीबॉलपटूच्या गुडघ्यावर उमेदीची सगळी वर्षं घालवली असती, तर तुम्हालाही आला असता. मी एक जुना नी-पॅड आहे, उजव्या गुडघ्याचा. लवचीक काळं कापड आणि पोटात फोमची गादी, एवढीच माझी मिळकत. खेळाडू जमिनीवर झेपावते तेव्हा तिचा गुडघा आणि फरशी यांच्या मधे मी असतो. हे काम मी इमानेइतबारे केलं, उगाच कशाला खोटी नम्रता दाखवू?

एका लांबलचक कारखान्यात मला यंत्राने विणलं, दुसऱ्या यंत्राने माझ्या पोटात फोम कोंबला आणि एका बाईने मला नि माझ्या जोडीदाराला, म्हणजे डाव्याला, एकाच पिशवीत घातलं. डावा स्वभावाने गरीब होता. कुणी कितीही ओढलं तरी हूं की चूं करायचा नाही. मी मात्र पहिल्यापासून कुरकुऱ्या.

आम्हाला विकत घ्यायला एक मुलगी आणि तिचे बाबा आले. बाबा सोफे दुरुस्त करायचे. त्यांनी मला अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाले, "फोम बरा आहे. बसणार नाही लवकर."

"बाबा, हा सोफा नाहीये," मुलगी म्हणाली.

"अगं, फोम तो फोम."

मुलीला नुकतंच एका मोठ्या क्लबने संघात घेतलं होतं. अंगाने लहानखुरी आणि चपळ. पहिल्याच आठवड्यात संघातल्या मुलींनी तिचं नाव खारूताई ठेवलं, आणि ते असं चिकटलं की तिचं खरं नाव मलाही आठवेना.

खारूताई सेटर होती. सेटर म्हणजे काय, ते सांगतो. मागून आलेला चेंडू दोन्ही हातांच्या बोटांवर अलगद घ्यायचा आणि जाळ्याजवळ उंच उडवून द्यायचा, की दुसरीने उडी मारून तो सप्पकन पलीकडे हाणायचा. टाळ्या हाणणारीला मिळतात. पण सेटरने ताटात नीट वाढलं नाही, तर हाणणारी खाणार काय? खारूताईच्या बोटांतून चेंडू निघायचा तेव्हा आवाजसुद्धा यायचा नाही. लहानपणापासून ती बाबांच्या दुकानातल्या भिंतीवर सराव करत आली होती. बाबा ओरडायचे, "एक दिवस पंखा खाली आणशील माझा!" पण भिंतीपुढचे सोफे तेच बाजूला सरकवून द्यायचे.

दुसऱ्या मोसमात नव्या प्रशिक्षक आल्या. सगळ्या त्यांना मॅडम म्हणायच्या. त्यांच्यासोबत एक ताडमाड उंच सेटर आली. मॅडमनी खारूताईला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून तू लिबेरो."

"पण मी सेटर आहे, मॅडम."

"माहितीये गं. पण जाळ्याशी उंची लागते. एवढा मोसम काढ, मग बघू."

लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागच्या बाजूला खेळणारी. तिने सर्व्हिस करायची नाही, चेंडू हाणायचा नाही. समोरून येणारा प्रत्येक तडाखा लोळण घेऊन उचलायचा आणि चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही, बस्स. तिच्यासाठी एक नियमही आहे. जाळ्यापासून तीन मीटरवर मैदानात एक रेषा असते. लिबेरोने त्या रेषेच्या पुढे जाऊन, किंवा रेषेवर पाय ठेवून, बोटांनी चेंडू वर दिला, तर आपल्या बाजूच्या कुणी तो जाळ्याच्या वरून हाणायचा नाही. हाणला की गुण समोरच्यांना. थोडक्यात, जे काम खारूताईला जीव की प्राण होतं, तेच तिला बंद झालं.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून रडली. डाव्यालाही फार वाईट वाटलं. मला? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या! सेटरच्या गुडघ्यावर मी नुसता शोभेचा होतो. लिबेरोचं सगळं आयुष्यच जमिनीवर. तिची बदली ती माझी बढती.

आणि काय दिवस होते ते! खारूताई झेपावायची, मी फरशीवर घासत जायचो, चेंडू वर उडायचा आणि अख्खं सभागृह उभं राहायचं. वर्तमानपत्रात तिचे फोटो आले, आणि फोटोत सगळ्यात पुढे कोण? मी. पुढे मी फाटलो. तेव्हा बाबांनी सोफ्याच्या जाड दोऱ्याने मला शिवलं आणि कुणाच्या तरी आरामखुर्चीतला उरलेला फोम माझ्या पोटात घातला. डावा तेवढा नशीबवान नव्हता. एका परगावच्या सामन्यानंतर तो बाकाखाली राहून गेला, तो गेलाच. मग खारूताईने डाव्या गुडघ्यावर नवा घेतला, पण मला सोडलं नाही.

'मग बघू' मात्र काही उगवलं नाही. पुढच्या मोसमात तिने मॅडमना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्यासारखी लिबेरो मला शोधून सापडायची नाही!" आता अशा कौतुकावर माणूस बोलणार तरी काय? त्यानंतर तिने विचारणं सोडून दिलं. सगळ्यांना वाटलं, रुळली. सराव संपून बाकीच्या अंघोळीला गेल्या की ती एकटी भिंतीवर बोटांनी चेंडू खेळवायची. ते कुणी बघायचं नाही.

वर्षं गेली. फिजिओबाई तिचा गुडघा दाबून बघायच्या, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर पडलेला असायचो. एकदा त्या म्हणाल्या, "तोंडदेखलं बोलत नाही. हा फार तर आणखी दोन-तीन मोसम साथ देईल."  परतताना खारूताईने मला बॅगेत न टाकता हातात धरलं होतं. त्या दोन-तीन मोसमांतच पुन्हा सेटर व्हायचं, नाहीतर कायमचं राहिलं, हे तिला कळून चुकलं होतं.

त्या वर्षी संघाचे हाल होते. शेवटचा सामना हरलो, तर सगळा संघ खालच्या गटात जाणार होता. सामना अटीतटीचा झाला. निर्णायक डावात एकच गुण हवा होता. समोरून तुफान तडाखा आला, आमच्या उंच सेटरने तो कसाबसा अडवला आणि ती धाडकन आडवी झाली. चेंडू जाळ्याजवळ वर गेला आणि खाली कुणीच नाही. खारूताई धावली. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी मनगटं जोडून चेंडू उचलणार. पण माझ्याखालचा गुडघा निराळाच वाकला, जुन्या सवयीने. तिची दहाही बोटं वर गेली आणि चेंडू निघाला तो आवाज न करता. कप्तानबाईंनी उडी मारून असा काही हाणला की समोरची कुणी जागची हललीसुद्धा नाही. जिंकलो! सगळ्या नाचायला लागल्या.

शिट्टी वाजली. पंचांचा हात समोरच्या संघाकडे होता. खारूताईने खाली बघितलं. तिचा पाय रेषेच्या चांगला पुढे होता. पुढचे दोन्ही गुणही गेले, आणि सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मॅडम आत आल्या त्या कडाडतच. "काय केलंस हे? शाळेतल्या पोरींनाही माहीत असतं! लिबेरो आहेस तू, लिबेरो!"

"मी सेटर आहे, मॅडम," खारूताई म्हणाली. आवाज चढवला नाही. "चुकले मी. माझ्यामुळे हरलो. पण मी सेटरच आहे. इतकी वर्षं तुम्ही सांगितलं ते केलं."

 कोपऱ्यात कप्तानबाई बूट काढत होत्या. सहा फुटांची धिप्पाड बाई, पण डोळे लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "हरलो, ते मेलं जाऊ दे. पण मॅडम, असा बॉल मला या क्लबात कुणी दिलेला नाही. मी आले तेव्हा ही लिबेरोच होती. हिला हे येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

 मॅडम खारूताईच्या शेजारी बाकावर बसल्या, माझ्यावरच बसल्या खरं तर.

संघ खालच्या गटात गेला. उंच सेटर दुसऱ्या क्लबात गेली. सुट्टीत मॅडमचा फोन आला, तेव्हा खारूताई बाबांच्या दुकानात होती. तिने नुसतं "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि ती एका फाटक्या सोफ्यावर बसली. "बाबा, सेटर," एवढंच तिच्या तोंडून आलं. बाबांनी हातोडी बाजूला ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सेटरला माझ्यासारख्या जाडजूड पॅडची गरज नसते. तिने पातळ नवी जोडी घेतली आणि मी दुकानातल्या खिळ्यावर लटकलो. खोटं कशाला बोलू, फार लागलं मनाला. धूळ बसली, एक कोळीही राहून गेला. मग एक दिवस सोफ्याचा तळ ठोकायला बाबा गुडघ्यावर बसले, "आई गं!" म्हणून उठले आणि त्यांनी मला झटकून स्वतःच्याच गुडघ्यावर चढवलं. तेव्हापासून मी सोफे दुरुस्त करतो.

तिचा सेटर म्हणून पहिला सामना मी बाबांच्या गुडघ्यावरून, मोबाईलवर बघितला. सभागृह अर्धं रिकामं होतं. चेंडू आला, खारूताई जाळ्याकडे पळाली, आणि बाबा किंचाळले, "अगं, रेषा! रेषा!" मग त्यांच्या लक्षात आलं. "हात्तिच्या! आता चालतं की!" असं म्हणून ते एकटेच हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते सोफ्याच्या नव्या कोऱ्या कापडाने.

ती दोनच मोसम खेळली. मग गुडघ्याने हात टेकले. ते दोन मोसम तिने मनसोक्त वाढलं आणि कप्तानबाईंनी पोटभर हाणलं.

मित्रांनो, या जातीची आत्मवृत्तं जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून संपतात. माझं राहू द्या, मला बाबा आहेत. पण तुमच्या घरात, वर्गात, संघात कुणीतरी एखादं काम निमूटपणे आणि चोख करत असेल. त्याला तेच आवडतं, असं धरून चालू नका. मी तर तिच्या अंगाला चिकटून होतो, तरी मला वाटायचं, ही सुखात आहे. तिला वेळेवर कुणी नीट विचारलं असतं, तर ती बोटं दोन मोसम नाही, दहा मोसम खेळली असती. तेवढं विचारत जा.