गौरीबरोबर आलेला कोळी

हर्षद कॉलेजातून घरी आला तेव्हा त्याचं संशोधन साडी नेसून उभं होतं.

नुसती साडी नव्हे. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, आणि मुखवट्याच्या मागून हिरवी पानं डोकावत होती. पानं हर्षदच्या ओळखीची होती. परसातल्या दगडी गडग्यालगतचा हा तेरडा त्याने वीस दिवस बकऱ्यांपासून वाचवला होता.

"वेदिका! ही गौर कुठनं आणलीस?"

"गडग्यावरनं," धाकटी बहीण म्हणाली. "अख्ख्या नाटे गावात एवढी टवटवीत गौर कोणाकडे नाय आली. बायका विचारतायत, खत काय घातलंस?"

हर्षदने भिंग काढलं. पदराच्या वर, तिसऱ्या देठावर, मसुराच्या दाण्याएवढा कोळी बसलेला होता. घर बदलल्याचं त्याला काही वाटलेलं दिसत नव्हतं.

हा कोळी जाळं विणत नसे, उड्या मारत असे. तेरड्याच्या देठांवर गोड रसाचे बारीक थेंब येतात, ते चाटत असे. मेक्सिकोत बाभळीसारख्या झाडाच्या पानांची टोकं खाऊन जगणारा एक कोळी आहे, हे हर्षदने वाचलं होतं. मग नाट्यातही एखादा शाकाहारी निघायला काय हरकत होती? श्रद्धा मॅडमनी प्रकल्पाचा हा विषय शांतपणे ऐकून घेतला होता. "एकवीस दिवस बघ," त्या म्हणाल्या होत्या. "एक किडा जरी खाल्लान, तर तू गांडूळखताच्या गटात." त्या गटात आधीच नऊ जण होते आणि कँटीनमध्ये त्यांच्याजवळ कोणी बसत नसे.

वीस दिवस सकाळ-संध्याकाळ हर्षदने पहारा केला. मधल्या वेळात कोळ्याच्या सचोटीवर विश्वास ठेवला. उद्या एकविसावा. आणि उद्याच गौरीचा तिखटाचा नैवेद्य.

"काकू, फक्त एक फांदी काढून घेऊ?"

"हात लावून तर बघ मेल्या!" आनंदीकाकू कडाडल्या. घरातले सगळे सण त्यांच्या ताब्यात असत.

शेवटी हर्षद पाट घेऊन, वही उघडून गौरीसमोरच बसला. दर्शनाला येणाऱ्या बायका थक्क झाल्या. एवढ्या कोवळ्या वयात ही भक्ती, तीही भिंग लावून! शेजारच्या मथुराकाकींनी गौरीपुढे ओटी ठेवली आणि जाताना एक केळं हर्षदपुढेही ठेवलं.

रात्री त्याने काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

"गौरीबरोबर आला म्हणजे पाहुणा. त्याला वाढायला नको?"

"काकू, तो शाकाहारी आहे."

"मग तो पडद्यापलीकडे बसायला हवा."

गौरीला कोंबडी-वड्यांचा नैवेद्य, आणि शेजारचा गणपती शाकाहारी. म्हणून त्या वेळी दोघांमध्ये पडदा लावतात. पडदा लागला की गणपतीला काही दिसत नाही, हे गणपतीसह सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा लागला, कोंबडी आली, आणि कोंबडीमागून माश्या आल्या. हर्षद पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

"देवीला घालतोयस की रश्श्याला?" त्याचे वडील आप्पा दारातून म्हणाले. "निवेल ना रे!"

एक माशी पुठ्ठा चुकवून गौरीच्या खांद्यावर बसली. देठावरचा कोळी वळला.

"नको रे," हर्षद पुटपुटला. "तिकडे गोड आहे ना..."

कोळ्याने उडी मारली.

काकूंनी हात जोडले. "श्रावण पाळलान बघ. आपल्यासारखाच."

"काकू, मी गांडुळात गेलो."

"कोणी बघितलं?"

"मी."

"तू पडद्याच्या कुठल्या बाजूला होतास? मग या बाजूचं त्या बाजूला सांगायचं नसतं. चार पिढ्यांत या घरातल्या कोणी गणपतीला सांगितलेलं नाही."

हर्षदने वहीत लिहिलं: 'दिवस एकविसावा. एकही किडा नाही.' मग वर पाहिलं. कोळी पुढच्या दोन पायांत माशी धरून डोळे न मिटता खात होता. वीस दिवसांत एवढा सुखी तो कधी दिसला नव्हता. हर्षदने ओळ खोडली आणि लिहिलं: 'बारा चाळीस. गौरीवर एक माशी. पडदा लावलेला होता.' पानाचा फोटो मॅडमना पाठवला आणि तो जेवायला बसला. दुःखात सात वडे गेले.

आठव्या वड्याला मॅडमचा फोन आला.

"पडदा नीट लावलेला होता ना?"

"हो मॅडम."

"मग झालं. अरे, मेक्सिकोतला तरी कुठे पक्का आहे? मुंग्यांच्या अळ्या खातो अधूनमधून. मला बघायचं होतं तू लिहितोस का. 'शाकाहारी' खोड, 'बहुतांशी शाकाहारी' कर आणि पुढे बघत राहा. उद्या विसर्जनाआधी उतरव त्याला."

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या. आता गौर पुन्हा तेरडा झाली होती. काकूंनी स्वतः कोळ्यासकट फांदी मोडली, बरणीतल्या पाण्यात खोचली आणि तोंडावर फडकं बांधलं.

"बरणी लोणच्याची आहे, धुऊन परत दे. याला रोज काय लागतं?"

"रसच, काकू. बाकी काही देऊ नका."

"नाही देत," काकू म्हणाल्या आणि डाव्या हाताची मूठ त्यांनी हळूच पदराआड नेली. मुठीत काहीतरी गुणगुणत होतं.