जवसाचं पोट

कपडे शिवणारीला सगळी नाटक कंपनी टाचणी म्हणायची. बाईंच्या डोक्यावरून झगा अंगात घालून टाचणीने पाठीमागचं कापड चिमटीत धरायला हात घातला, तर तिची मूठच भरली. महिन्यापूर्वी हाच झगा बाईंच्या अंगाला अगदी नीट बसला होता. टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून ती लगेच काही बोलली नाही. ती पुढे आली, तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"कुठे होतात तुम्ही महिनाभर?"

"सांगितलं ना. बहिणीकडे."

"बहिणीने काय उपाशी ठेवलं?"

बाई हसल्या नाहीत. शिवणाच्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. पोटात गाठ निघाली होती. साधीच होती, काढून टाकली, आता काळजी नव्हती. पण अंगावरचं मांस उतरलं ते उतरलं. भरून यायला वर्ष तरी जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि नाटक येऊन ठेपलं होतं पंधरवड्यावर.

दोघी नाटक कंपनीत एकाच सुमाराला आल्या होत्या, एक रंगमंचावर आणि एक शिवणाच्या खोलीत. तेव्हा टाचणी खरोखरच टाचणीसारखी होती. आता या दारातून मला आडवं होऊन यावं लागतं, असं ती कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगून टाकायची.

त्या काळी नायिका म्हणजे भरलेली हवी, आणि बाईंच्या अंगावर मांस औषधालाही नव्हतं. टाचणीने छातीला आणि कमरेला कापसाच्या गाद्या शिवल्या. एका प्रयोगात, पळून जायच्या प्रवेशात, डाव्या बाजूची गादी निसटून थेट गुडघ्यापाशी आली. बाईंनी ती वरून हाताने दाबून धरली आणि उरलेला अंक लंगडत काढला. प्रेक्षकांनी डोळे पुसले. पुढे ते नाटक जिने जिने केलं, तिने तिने लंगडतच केलं.

मग बाईंना दोन मुलं झाली, अंग भरलं, आणि नेमकी तेव्हाच बारीक कमरेची टूम निघाली. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत. गाद्या गेल्या, रबरी पट्टे आणि हुकांच्या रांगा आल्या. श्वास पुरेना म्हणून बाई वाक्यं तोडून तोडून बोलू लागल्या, आणि शहाण्या लोकांनी त्याला शैली म्हटलं. नंतर रुंद खांदे हवेसे झाले. ते नकोसे झाले तेव्हा पोट पाटासारखं सपाट हवं झालं. कंबर वर गेली, खाली आली. दर काही वर्षांनी टाचणी एक नवी बाई शिवायची आणि आपल्या बाई बिचाऱ्या तिच्यात शिरायच्या.

आताची दिग्दर्शिका टाचणीच्या धाकट्या मुलीच्या वयाची. पोरगी गुणी, मनाने स्वच्छ. तिच्या नाटकात एक उतारवयातली बाई पातळ झग्यावर आरशासमोर उभी राहते, आपल्या शरीराशी बोलते आणि त्याचे आभार मानते. "मला खरं शरीर हवंय," ती पहिल्याच वाचनाला म्हणाली होती. "कापूस नको, पट्टा नको. तुम्ही आहात तशाच हव्या आहात." त्या दिवशी बाई शिवणाच्या खोलीत येऊन आनंदाने रडल्या होत्या. आणि आता जसं हवं होतं तसं शरीरच जागेवर नव्हतं.

"सांगून टाका की तिला," टाचणी म्हणाली. "समजून घेईल."

"घेईल गं. गळ्यात पडेल, रडेल, आणि म्हणेल, आधी बऱ्या व्हा. काम जाईल त्या दुसऱ्या नटीकडे. ती टपूनच बसली आहे, आणि आहे पण छान गोल." बाईंनी झग्याचा सैल घोळ मुठीत धरला. "असं काम मला परत कोण देणार, टाचणी? मला ते बोलायचंय. आता तर फारच बोलायचंय."

टाचणीने उठून दाराला आतून कडी घातली.

चेहऱ्याची काळजी नव्हती, तो रंगाने भरून काढता आला असता. हात लांब बाह्यांत झाकले असते. प्रश्न पोटाचा होता. टाचणीने मांजरपाटाची पिशवी शिवली, कापूस भरला आणि बाईंना बांधली. दोघींनी आरशात पाहिलं.

"हे पोट नाही," बाई म्हणाल्या. "मी चेंडू गिळलाय."

कापसाला वजन नसतं, म्हणून टाचणीने खालच्या भागात जवस भरलं. जवस सुळसुळत खाली बसलं; चालताना पोट पोटासारखं हललं. पण आकार पुन्हा तसाच, गोल, गोंडस, चित्रातल्यासारखा. तिने उसवलं, पुन्हा शिवलं. कात्री आपली जुन्या वळणावरच जात होती.

"जन्मभर छान दिसेल असंच शिवत आले," ती कंटाळून म्हणाली. "वाईट कसं शिवायचं ते या हातांना ठाऊकच नाही."

"वाईट कोण म्हणतंय? खरं शीव."

"तेच ते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो एप्रन काढ."

"कशाला?"

"काढ म्हणते ना. आणि सदरा वर घे."

"इश्श! या वयात?"

"माझं अंग एवढी वर्षं इंच इंच बघितलंस, तेव्हा नाही वाटली लाज?"

मुखवटे करायची कंपनीची रीत साधी होती: अंगाला तेल लावायचं, कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून चिकटवायच्या आणि वाळल्या की साचा उचलून घ्यायचा. या वेळी पट्ट्या बाईंच्या हातात होत्या. टाचणी आरशासमोर उभी राहिली. या आरशात तिने शेकडो बायका पाहिल्या होत्या, स्वतःला कधी मानेखाली पाहिलं नव्हतं. पोट दोन घड्या घालून खाली उतरलं होतं, डावीकडे जरा जास्तच. मधोमध धाकटीच्या वेळच्या टाक्यांचा व्रण होता. ते टाके कुणी घाईत घातले असावेत. तिने इतकी वाकडी शिवण कधीच सोडली नसती.

"गार आहे हो!"

"हलू नकोस. आणि श्वास सोड. आत ओढून धरलं आहेस तू."

"नाही."

"टाचणी, ओढून धरणं तू मला शिकवू नकोस."

टाचणीने श्वास सोडला. बाईंनी खाली बसून, जीभ दातांत धरून, एकेक घडी कागदाने नीट भरून काढली. व्रणापाशी त्यांचा हात थांबला. "हा पण घेऊ?" त्यांनी विचारलं, आणि टाचणीने मानेनेच हो म्हटलं.

साचा वाळला तसा टाचणीने त्याच्यावर मांजरपाट बेतला, कापूस आणि जवस भरून नवं पोट शिवलं. चार दिवसांनी दिग्दर्शिका पोशाख बघायला आली. बाई झग्यात उभ्या होत्या, पोट जरा डावीकडे कललेलं. पोरीने दोन्ही हात छातीशी धरले.

"हेच! बघितलंत? खरं ते खरंच. असं काही शिवून येत नाही."

टाचणी खाली सांडलेल्या टाचण्या वेचू लागली, आणि त्या बराच वेळ संपल्या नाहीत.

पहिल्या प्रयोगाला बाईंनी तिला विंगेत उभं राहू दिलं नाही. पहिल्या रांगेत बसवलं. आरशाची नुसती चौकट होती, काच नव्हती, आणि ती रंगमंचाच्या अगदी पुढे ठेवली होती. बाई चौकटीपाशी आल्या. मागून प्रकाश पडला आणि पातळ कापडातून सगळं दिसलं, घड्या, कललेली बाजू, सगळं.

"तुला कधी कमी म्हटलं," बाई म्हणाल्या, "कधी जास्त म्हटलं. फुगवलं, आवळलं, झाकलं. तू एका शब्दाने बोलली नाहीस. मला मात्र इथवर आणलंस."

वाक्य इथे संपत होतं. टाचणीला अख्खं नाटक पाठ होतं. पण बाई वळल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे पोटाखाली धरले, चौकटीतून सरळ पहिल्या रांगेत पाहिलं, आणि नाटकात नसलेलं बोलल्या.

"तू होतीस म्हणून मी आहे, बाई गं. तुझे उपकार कसे फेडू?"

टाचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. शिवण न उसवता टिकली की शिवणारीला लोक विसरतात, हे तिने केव्हाच मान्य केलं होतं; आणि आज एवढ्या माणसांसमोर कुणी तिचे आभार मानत होतं, तेही तिच्याच पोटावर हात ठेवून.

शेजारच्या खुर्चीत एक जाड बाई होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. ती टाचणीच्या कानाशी वाकली.

"किती सुंदर दिसतंय हो."

कुठलं हो, काहीतरीच, हे टाचणीच्या जिभेवर आलं होतं. पण तिने पुन्हा एकदा चौकटीकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "सुंदर आहे."