डाव्या चाकाचा ठोका

बोलतोय तो मी, पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट. लगेच तोंड वाकडं करू नका. गाडीचा रंग, सीटचं कापड, काचेवरचा स्टिकर सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्या जिवावर चाक जागेवर राहतं, त्याला मात्र कोणी विचारत नाही. एक लोखंडी वाटी, तिच्यात गोल डोक्याची पिन, भोवती ग्रीस आणि वरून रबराची टोपी, एवढाच मी. तुमच्या खुब्यात सांधा असतो ना, अगदी तसा. चाक खड्ड्यात उतरतं, वर येतं, डावं-उजवं वळतं आणि तरी गाडीला धरून राहतं, ते माझ्यामुळे. मी सुटलो तर चाक आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. उतारावर, चालत्या गाडीत असं झालं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. लोअर आर्म म्हणतात त्या लोखंडी हाताच्या टोकाला मला बसवलं आणि गाडीच्या पोटाखाली ढकललं. उजव्या बाजूला माझ्यासारखाच एक भाऊ होता. पंधरा वर्षं आम्ही एकाच गाडीखाली काढली, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

पहिली नऊ वर्षं सुखाची गेली. मालकीण अंधेरीच्या डॉक्टर मृणालिनीबाई. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. खड्डा दिसला की बाई ब्रेक लावायच्या आणि मागचे रिक्षावाले त्यांचा उद्धार करायचे. मला मात्र त्यांच्यासारखी बाई पुन्हा भेटली नाही. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले, गाडी चालवणं बंद झालं आणि आम्ही जोगेश्वरीच्या अंबादासकडे आलो.

अंबादास मूळचा बुलढाण्याकडचा. बत्तीस वर्षं त्याने मुंबईत बस चालवली आणि एकदाही कोणाला धक्का लावला नाही. हे तो पाहुण्यांना सांगे, शेजाऱ्यांना सांगे, पेट्रोल पंपावरच्या माणसालाही सांगे. निवृत्त झाल्यावर घरातली पहिली गाडी आली ती मी जिच्याखाली होतो ती. पहिल्या दिवशी त्याची बायको द्रौपदी दारापाशी थांबली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि मग आत बसली.

"अगं, घर आहे का ते?" अंबादास हसला.

"मग काय आहे?" ती म्हणाली.

तेव्हापासून ती गाडीत अनवाणीच बसते. डाव्या सीटवर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर.

जोगेश्वरीच्या रस्त्यांनी माझी वाट लावली. आज गटारासाठी खोदलेलं, उद्या केबलसाठी. दोन वर्षांपूर्वी असाच एक दगड उडाला आणि माझी रबराची टोपी फाटली. ग्रीस बाहेर गेलं, पाणी आणि वाळू आत आली. वाटी झिजली, गोळा झिजला, मधे फट पडली. मग प्रत्येक खड्ड्याला मी ठोका द्यायला लागलो. टक. टक. मला दुसरी भाषा येत नाही. लोखंडाला दुखलं की ते एवढंच बोलू शकतं.

द्रौपदीने तो ठोका ऐकला नाही, तिच्या तळपायाला तो लागला.

"अहो, खालून काहीतरी ठोकतंय."

"काय नाय. खडी उडाली असेल."

"खडी रोज त्याच जागी उडते?"

"बत्तीस वर्षं बस चालवली गं मी. मला आवाज कळत नाही का?"

कळत नव्हता. अंबादासचं गुपित मला ठाऊक होतं, कारण मी गाडीखालून सगळं ऐकतो. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. बत्तीस वर्षं त्या घरघरीशेजारी बसून त्याचा डावा कान बधिर झाला होता. घरात सगळ्यांना वाटे, हा माणूस मुद्दाम ऐकत नाही. आणि माझा ठोका येत होता नेमका डावीकडून.

आता जे घडलं त्याकडे येतो. अंबादासची मुलगी चेतना नाशिकला असते. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना, नवरा नोकरीसाठी बाहेरगावी. तिला माहेरी आणायचं ठरलं. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी तिला मागच्या सीटवर बसवून कसारा घाट उतरून परत यायचं. हे मी गुरुवारी ऐकलं आणि माझ्या उरल्यासुरल्या ग्रीसला घाम फुटला. माझी पिन वाटीच्या अगदी कडेला लटकत होती. जोगेश्वरीच्या बाजारातून फिरणं निराळं. भरल्या गाडीनिशी घाट उतरायचा, आणि मागे पोटुशी पोर!

द्रौपदीने हट्टच धरला, म्हणून शुक्रवारी गाडी सहदेवकडे गेली. सहदेव कुडाळकडचा, अंबादासचा जुना दोस्त, हात सोन्यासारखा. पण त्याचं गॅरेज म्हणजे गल्लीतल्या गटारावरची चार फुटांची जागा. तिथे एका वेळी एकच चाक उचलता येतं. त्याने डाव्या बाजूला जॅक लावला, चाक धरून हलवलं. आणि तिथेच घात झाला. दोन्ही चाकांना जोडणारा एक जाड दांडा असतो. एकच चाक उचललं की तो दांडा पिळतो आणि त्या पिळात मी करकचून आवळला जातो. मी हलावं म्हणून जिवाचं रान केलं, पण तसूभर हललो नाही.

"काय्येक नाय ओ," सहदेव म्हणाला. "आवाज खयसून येता?"

"कुठून काय? मला तर येत नाही. हिला येतो," अंबादास म्हणाला.

दोघं हसले. बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर म्हणतोय आवाज नाही, तर मेकॅनिक कशाला खोदून बघेल? चार बोल्ट आवळले, मूठभर ग्रीस बाहेरून फासलं आणि गाडी परत. मला त्या दोघांपेक्षा माझाच राग आला. दोन वर्षं ठोकतोय आणि एका माणसापुरतंही मोठ्याने ठोकता येत नाही!

शनिवारी सकाळी सातला निघालो. मागे डबे, उशा, चेतनासाठी मेथीचे लाडू. गाडी जोगेश्वरीहून पवईकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागली. पहिल्याच पुलाच्या सांध्यावर मी दोन ठोके दिले. पुढच्याला तीन. आरेच्या वळणाजवळ ट्रक पुढे आला, अंबादासने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि चाक खड्ड्यात आदळलं. गोळा वाटीच्या काठावर चढला. खरं सांगतो, मी सुटलोच होतो. कसा परत आत घसरलो ते माझं मलाच कळलं नाही.

"गाडी थांबवा," द्रौपदी म्हणाली.

"आता काय झालं?"

"थांबवा म्हणते ना!"

एवढ्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. त्याने गाडी आरेच्या रस्त्याला घेतली, झाडाखाली लावली. द्रौपदी खाली उतरली, तशीच अनवाणी, आणि डांबरावर उभी राहिली.

"मी बसणार नाही. आणि माझ्या पोरीला पण यात बसवू देणार नाही."

"अगं, सहदेवने काल बघितली ना? वेड लागलंय का तुला?"

"लागू दे. तुम्ही एकदा तरी इथे बसलात? माझ्या जागेवर?"

सहा वर्षांत अंबादास त्या सीटवर एकदाही बसला नव्हता. बसवाला माणूस, दुसरा गाडी चालवतोय आणि आपण शेजारी बसलोय, हे त्याला जमलंच नसतं. रागारागात त्याने सहदेवला फोन लावला. "ये बाबा, तूच सांग हिला."

सहदेव स्कूटरवरून आला, मागे हत्यारांची पिशवी आणि जॅक. द्रौपदीने त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि नवऱ्याला डावीकडे.

"चपला काढा," ती म्हणाली. "आणि पाय खाली टेकवा. भाऊजी, अगदी हळू घ्या. समोरच्या स्पीडब्रेकरपर्यंत."

मी कधी कोणाची एवढी वाट पाहिली नव्हती. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं, उतरलं. माझ्यात जेवढा जीव होता तेवढा लावून मी ठोका दिला. टक.

अंबादासने तळपाय झटकन उचलला, पुन्हा टेकवला. मग म्हणाला, "सहदेव, थांब."

या वेळी सहदेवने दोन जॅक लावले, एक त्याचा, एक गाडीतला. दोन्ही चाकं एकदम अधांतरी झाली. दांड्याचा पीळ सुटला आणि मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा मोकळा झालो. सहदेव खाली झोपला, पहार लावून लोअर आर्मवर जरासा दाब दिला. गोळा वाटीतून निघून बाहेरच आला.

सहदेव उठला तेव्हा त्याने अंबादासकडे पाहिलंच नाही. "वयनी," तो म्हणाला, "चूक माझी. एक बाजू उचलून बघूक नको होता. तुमचा म्हणणा खरा होता."

"आता बरोबर करा," ती म्हणाली. बस, एवढंच.

तो नवे लोअर आर्म आणायला अंधेरीला गेला. डाव्याबरोबर उजवाही बदलायचा होता; माझा भाऊही फार काही धड नव्हता. ते दोन तास मी विसरणार नाही. बाजूने तबेल्याच्या म्हशी गेल्या. द्रौपदी कठड्यावर बसून होती. अंबादास गाडीभोवती फेऱ्या घालत होता, मग खाली वाकून माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात चेतनाचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"बाबा, कुठे पोचलात?"

"आरेत आहोत अजून."

"अजून आरेत? का?"

त्याला सहज थाप मारता आली असती. ट्रॅफिक आहे म्हणाला असता तर मुंबईत कोणी शंका घेतली नसती. पण त्याने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्या हातात घेतला, आणि म्हणाला, "तुझी आई थांबा म्हणाली. म्हणून थांबलोय." चेतनाने जन्मात हे वाक्य ऐकलं नसावं.

दुपारी दोनला काम संपलं. सहदेवने हातोड्याचे दोन फटके देऊन जुना आर्म काढला होता, नवा बसवला, बोल्ट आवळले, घाटाआधी वाटेत चाकांची अलाइनमेंट करून घ्या म्हणून दहादा बजावलं. मला तो पोत्यात टाकणार, तेवढ्यात अंबादास म्हणाला, "दे इकडे." त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गाडीत ठेवलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीच्या आत बसून प्रवास केला. कसारा घाटात प्रत्येक वळणाला माझा जीव गोळा होई, सवयच ती. पण खाली नवा आपलं काम मुकाट्याने करत होता. मला त्याचा हेवा वाटला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं.

नाशिकला चेतनाने दार उघडलं. अंबादासने हातपाय धुण्याआधीच वर्तमानपत्र सोडून मला टेबलावर ठेवलं.

"हे काय काळं घाण आणलंत बाबा?"

"अपघात," तो म्हणाला. "उद्या व्हायचा होता. तू मागे बसलेली असतीस. तुझ्या आईनं होऊ दिला नाही." आणि तो बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर मुलीच्या घरात, पंख्याखाली, तोंडावर रुमाल धरून रडला.

द्रौपदी स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याच्याकडे बघून तिने तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "आधी हात धुवा. ग्रीसचे हात तिला लावू नका."

रविवारी ती तिघं माझ्याशिवाय घाट उतरून गेली. सोमवारी चेतनाने शेजारणीला फोनवर सांगितलं, काल पोचलो, सगळं ठीक; गॅलरीत मला ऐकू आलं. मी इथेच आहे, नाशिकच्या गॅलरीत, कोरफडीच्या कुंडीशेजारी. पिन वेगळी, वाटी वेगळी. शेजारीण झाडांना पाणी घालायला येते, तिने मला भंगारवाल्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. तो आला की मी भट्टीत जाईन आणि वितळून आणखी काही होईन. त्याचं मला दुःख नाही.

फक्त जाताजाता एक मागणं आहे. घरात जी बाई गाडी चालवत नाही, ती म्हणाली की काहीतरी लागतंय, तर तिला हसू नका. गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि तिच्या जागेवर जाऊन बसा.