उलटी धरलेली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. माझ्या दुःखाची सुरुवात एका बुधवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी झाली. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण तेव्हा मी पाहुण्यांना रान दाखवणाऱ्या कोइनेतच्या हातात होते आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या काचेसमोरच होतं.

डोळ्यांचे एक जर्मन डॉक्टर आठ दिवस त्याच्या जीपमधून मारा नावाचं अभयारण्य फिरून परत निघाले होते. जाताना त्यांनी कोइनेतच्या हातात एक काळी पेटी ठेवली. पेटीत ती होती. नवी दुर्बीण. हलकी, काळीभोर, अंगावर एक ओरखडा नाही. कोइनेतने मला सीटवर ठेवलं आणि तिला डोळ्याला लावलं. "अरे देवा," एवढंच तो म्हणाला. मला पहिल्यांदा डोळ्याला लावलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

तशी मी जपानची. कारखान्यात एका बाईने माझ्या काचा पुसून बसवल्या. तिचा चेहरा आठवत नाही, पण बोटं फार हळुवार होती. तिथून आगबोटीने मोंबासा, मग नैरोबीचा बाजार, आणि तिथे म्हातारा नामपासो मला घेऊन गेला. तो माऱ्यातला जुना वाटाड्या. वीस वर्षं मी त्याच्या छातीवर होते. डोळे गेले तेव्हा त्याने मला कोइनेतला दिलं आणि सांगितलं, "आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग हिच्यातून."

तेव्हा कोइनेतचं नवं लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, नाशिपायने, माझ्यासाठी मण्यांचा पट्टा विणला. लाल, निळे, पांढरे मणी. पाहुण्या बायका आधी पट्टा बघायच्या आणि मग सिंह. मला त्याचा गर्व होता, कशाला खोटं बोलू!

त्या बुधवारी संध्याकाळी नाशिपायने तो पट्टा माझ्या गळ्यातून सोडला आणि नवीच्या गळ्यात बांधला. माझ्यासमोर. मला घायपाताची दोरी बांधली. वर म्हणते कशी, "जुनीच्या उजव्या काचेत बुरशी आलीय, आता मुलीला खेळायला होईल."

तेव्हापासून मी सिमालोयच्या गळ्यात. सिमालोय ही त्यांची पाच वर्षांची मुलगी. ती मला उलटी धरायची. मोठ्या काचेला डोळा लावायची आणि म्हणायची, "आई, तू मुंगीएवढी झालीस!" तीस वर्षं ज्या काचांनी चित्ते शोधले, त्या काचांची ही गत. नवी मात्र रोज सकाळी मऊ फडक्याने पुसून घ्यायची आणि जीपमध्ये बसून निघून जायची. मी खुंटीवरून बघत राहायचे. तिच्या काचेला बुरशी यावी, असा शापही मी तिला दिला. आली नाही.

पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, म्हणून कोइनेत जिथे कामाला आहे त्या पाहुण्यांच्या तंबूंच्या मालकिणीने त्या वर्षी एक दिवस जिपा घरच्यांसाठी दिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बायका-मुलं फिरवणाऱ्या कोइनेतची स्वतःची माणसं त्या दिवशी पहिल्यांदा जीपमध्ये बसली. तो, नाशिपाय, तिचं तान्हं बाळ, सिमालोय आणि कोइनेतची आई. तिला सगळे कोको, म्हणजे आजी म्हणतात. दुसऱ्या जीपमध्ये त्याचा मित्र लेशान, त्याची बायको सेइन आणि तीन पोरं.

कोको निघताना कुरकुरत होती. "सिंह आला की आम्ही भाला घेऊन हाकलायचो. आता त्यालाच बघायला जायचं? तोही म्हणेल, म्हातारीला काम उरलं नाही."

"आज भाला नको, आई. आज नुसतं बघायचं," कोइनेत म्हणाला.

"बघून काय करू? माझ्या सात शेळ्या परत देणार आहे का तो?"

"त्या बिबट्याने नेल्या."

"मग बिबट्या दाखव. त्या चोराचं तोंड बघायचंय मला."

नाशिपायचा जीव मात्र सारखा टांगलेला. सिमालोय उभी राहू नकोस, हात बाहेर काढू नकोस, टोपी कुठेय, पाणी प्यालीस का. लेशान शेजारच्या जीपमधून ओरडला, "वहिनी, तुमच्या आवाजाने हत्ती पळाले!" सगळे हसले. कोको म्हणाली, "अगं, आम्ही गवतात बाळंत झालो आणि गवतातच पोरं वाढवली. जरा तोंडाला विसावा दे." नाशिपाय ओशाळली आणि गप्प बसली. आईची बडबड तिचं लेकरू जागेवर ठेवते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुपारी ओढ्यापासून लांब, बाभळीखाली गाड्या थांबल्या. कोइनेत एकटा उतरून झाडाभोवती फिरला, नवी डोळ्याला लावून चारी बाजू बघितल्या, मगच सगळ्यांना उतरवलं. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, बकऱ्याचं मटण आणि थर्मासमधला दुधाळ चहा झाला. पोरं खिदळत होती. सिमालोय थोड्या अंतरावर वारुळामागे गेली. तिथे एक शेणकिडा आपला गोळा ढकलत होता. ती पोटावर आडवी झाली, मी तिच्या डोळ्याला, अर्थात उलटी.

तेवढ्यात लेशानच्या वायरलेसवर निरोप आला. पुढच्या ओढ्याशी बिबट्याची मादी, सोबत दोन पिल्लं.

"चला, चला! चोर पिल्लांसकट सापडला!" कोको सगळ्यांच्या आधी जीपमध्ये चढली.

आता जे झालं ते या गुराखी लोकांतच होऊ शकतं. पाहुणे घेऊन निघताना कोइनेत न चुकता माणसं मोजतो. त्या दिवशीही सवयीने त्याचं बोट वर झालं. एक, दोन... कोकोने ते बोट हातात धरून खाली दाबलं.

"पाहुणे मोज खुशाल. घरची माणसं नि गुरं कधी मोजतात का? दृष्ट लावतोस लेकरांना?"

तिची पिढी शंभर गुरं नुसत्या नजरेने ओळखते, एक कमी असलं तर लगेच कळतं. पण त्या दिवशी ती नजर बिबट्याकडे लागली होती. कोइनेतने हात खाली घेतला. नाशिपाय डोक्यावरून लाल शाल ओढून बाळाला पाजत होती. तिला वाटलं, सिमालोय लेशानच्या पोरांबरोबर चढली. सेइनला वाटलं, ती आईजवळ आहे. दोन्ही जिपा चिखल उडवत गेल्या.

सिमालोयने मान वर केली तेव्हा बाभळीखाली हाडं होती आणि चाकांच्या खुणा होत्या. ती आधी हसली. लपाछपी वाटली असेल. मग तिने आईला हाक मारली. दुसरी हाक मारताना तिचा आवाज फाटला.

मग गवतातून तो आला. एकटा म्हातारा रानरेडा. कळपातून हाकललेला, कानाला चिरा, तीस पावलांवर. त्याने नाक वर केलं.

मला काय वाटलं, सांगू? लाज वाटते, पण सांगते. पहिल्यांदा वाटलं, बघ कोइनेत, तुझी नवी पट्टा मिरवत गेली आणि पोरीजवळ मी आहे. मग पोरीचं काळीज माझ्या अंगावर धडधडायला लागलं आणि सगळा ताठा उतरला. मला हात नाहीत, आवाज नाही. मी काय करणार होते?

पळायचं नाही, उंच जागा गाठायची. वासरांमागे जाताना कोकोने तिला हे शिकवलं होतं. ती वारुळावर चढली आणि मला डोळ्याला लावलं. सवयीने, उलटी.

माझ्यातून तिला रेडा दिसला शेळीएवढा. लांब, पार आभाळाच्या कडेला. "एवढुस्सा," ती हळूच म्हणाली. ती वारुळावर घट्ट उभी राहिली. ती पळाली असती, तर तो मागे धावला असता. ती पळाली नाही. आयुष्यभर मी लांबचं जवळ आणलं, त्या दिवशी पहिल्यांदा जवळचं लांब केलं. आणि माझी सगळी किंमत तेवढ्यातच वसूल झाली.

तिकडे ओढ्याशी नाशिपायने सेइनला हाक मारली, "सिमालोयला टोपी घाल गं!" सेइन म्हणाली, "ती तुमच्या गाडीत ना?" पुढचं नाशिपाय आजही नीट सांगू शकत नाही. बिबट्या कुणीच बघितला नाही. जीप वळवून टेकाडावर आल्यावर कोइनेतने नवी डोळ्याला लावली. गवत, गवत, नुसतं गवत. मग एका वारुळावर काहीतरी लख्खकन चमकलं.

"जुनीची काच!" तो ओरडला.

म्हणजे माझी काच चमकली आणि ती नवीने बघितली. हे मला कबूल करावं लागतंच. जिपेच्या आवाजाने रेडा फुरफुरत वळला आणि गवतात शिरला. नाशिपायने पोरीला छातीशी धरलं ते सोडेचना. मी मध्ये चेंगरले. तक्रार नाही.

कोको तिथेच मातीत बसली. "माझ्यामुळे झालं," म्हणाली. कुणी तिला बोल लावला नाही. मग तीच उठली, जिपेजवळ उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लागली. "आमच्यात मोजत नाहीत," ती म्हणाली, "पण हाक मारायला कुणाची बंदी आहे?" लेशानच्या धाकट्याने ओ दिल्याशिवाय तिने पुढचं नाव घेतलं नाही. तान्ह्या बाळाचीही ओ नाशिपायने दिली. नऊ नावं झाली. कोकोने सिमालोयच्या गळ्याकडे बघितलं.

"आणि ती जुनी दुर्बीण?"

"आहे!" सिमालोयने माझ्या वतीने ओ दिली.

नवीला कुणी हाक मारली नाही. मी ऐकलं. चांगलं कान देऊन ऐकलं.

आता मी खुंटीवरच असते. बुरशी डाव्या काचेतही पसरलीय. मण्यांचा पट्टा अजून नवीच्याच गळ्यात आहे, आणि तो बघून मला अजूनही आत कुठेतरी टोचतं. माझ्या घायपाताच्या दोरीत सिमालोयने एकच निळा मणी ओवलाय, तोही वाकडा. रोज सकाळी नवी जाताना मी तो मणी तिच्या बाजूला वळून राहील असं बघते.

कोइनेत आता पाहुण्यांनाही मोजत नाही, नावाने हाका मारतो. पाहुणे हसतात, पण ओ देतात.

तुम्ही कुठे जत्रेला, सहलीला, लग्नाला गाड्या भरून निघालात, तर एवढं करा. हाक मारा, आणि ओ आल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि ज्या आईची बडबड ऐकून सगळे हसतात, तिला बोलू द्या. माझ्या काचेतून आता कुणी बघत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही पुढच्याला सांगा.